टायसन जेवत नाही, पण कारण पुण्यात नाही

पत्र

नमस्कार मॅडम,

आम्ही तासगाव तालुक्यात वस्तीवर राहतो. द्राक्षबाग आहे, दोन म्हशी आहेत. आमचा टायसन ग्रेट डेन जातीचा, चार वर्षांचा, वजन पंचावन्न किलो. पिल्लू असताना माझ्या मुलानं त्याला आणलं आणि त्याचं सगळं तोच बघायचा. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. पहिले तीन आठवडे टायसन फाटकापाशी बसून राहायचा, पण जेवायचा नीट. आता पाच दिवस झाले, अन्नाला तोंड लावत नाही. दूध-भाकरी नको, चिकन नको. मटणाचा तुकडा नाकाशी धरला तर हुंगतो आणि मान फिरवतो. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन भरवते, तेव्हा एखादा घास गिळतो, एखादा बाहेर टाकतो. परवा बेदाणे घालून शिरा केला, तो मात्र थोडा चाटला. पाणी थोडंच पितो. दिवसभर पडून असतो. मुलाचा व्हिडिओ कॉल आला की कान टवकारतो, फाटकापर्यंत जातो आणि परत येऊन पडतो. मला बघवत नाही.

गेल्या आठवड्यात नाकातून थोडं रक्त आलं होतं, बागेतल्या तारेला घासलं असेल असं वाटलं. या पावसाळ्यात गोचिड्या फार झाल्यात, रोज काढतो. मालक म्हणतात, लाड बंद कर, भूक लागली की खाईल. नाहीतर तापाची गोळी देऊन बघू. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली. मला वाटतं, त्यानं मनाला लावून घेतलंय. मुलाला अजून काही सांगितलेलं नाही, त्याची परीक्षा आहे. त्याला बोलावून घेऊ का?

– एक आई, तासगाव तालुका

उत्तर

ताई, तुमचं पत्र वाचल्याबरोबर तुमच्या नंबरवर निरोप पाठवला होता, की टायसनला आजच दवाखान्यात न्या. तो निरोप मिळाला असेलच. इथे सविस्तर लिहिते आहे, कारण वस्तीवर, मळ्यात मोठी कुत्री पाळणाऱ्या कितीतरी घरांत हेच घडतं. कुत्रं जेवायचं थांबतं, घरातला प्रत्येक जण त्याचं एक कारण ठरवतो आणि त्या वादात चार-पाच दिवस निघून जातात.

तुमच्या पत्रात मुलाबद्दल बरंच आहे आणि नाकातल्या रक्ताबद्दल एक ओळ. मी त्या ओळीपाशी थांबले. तिच्या पाठोपाठ गोचिड्यांची ओळ आली आणि मला पुढचं पत्र वाचायलाही धीर निघेना.

टायसनला मुलाची आठवण येत नसेल असं मी म्हणत नाही. येतच असणार. पण तुम्हीच लिहिलेल्या तारखा बघा. मुलगा गेला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यानंतरचे तीन आठवडे टायसन फाटकाशी बसत होता आणि जेवतही होता. माणसाच्या जाण्यानं कुत्र्याची भूक मोडायची असेल तर ती पहिल्या दोन-चार दिवसांतच कमी होते आणि मग हळूहळू सुधारते. इथे उलटं झालंय. सगळ्यात कठीण दिवस त्यानं जेवून काढले आणि आता, सवय होऊ लागल्यावर, एकदम सगळं बंद. शिवाय आठवणीनं झुरणारं कुत्रं कमी खातं, वेळ चुकवून खातं, रात्री कुणी बघत नसताना खातं. सलग पाच दिवस मटणाच्या तुकड्यावरून मान फिरवणं हे आठवणीचं लक्षण नव्हे, आजाराचं आहे.

माझा पहिला संशय गोचीड तापावर आहे. आपल्याकडे कुत्र्यांच्या अंगावर जी तपकिरी गोचीड असते ती रक्त पिताना एर्लिकिया नावाचा जीवाणू कुत्र्याच्या रक्तात सोडते. चावल्यानंतर साधारण एक ते तीन आठवड्यांत ताप चढतो, भूक जाते, कुत्रं सुस्त पडतं. या आजारात रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, झपाट्यानं कमी होतात. निरोगी कुत्र्यात त्या साधारण दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत असतात. गोचीड तापात पन्नास हजारांच्या खाली गेलेल्याही दिसतात. मग तार न लागता नाकातून रक्त येतं, हिरड्यांवर आणि पोटाच्या कातडीवर बारीक लाल टिपके उठतात. तारेला घासलं असतं तर नाकाच्या शेंड्यावर ओरखडा दिसला असता. तुम्ही जखमेबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणजे ती नसावी.

गोचिडीतूनच बॅबेसिया नावाचा दुसरा एक परजीवी येतो. तो रक्ताच्या लाल पेशी फोडतो. त्यात लघवी कोऱ्या चहासारखी गडद होते, हिरड्या पांढुरक्या किंवा पिवळट पडतात. कधी दोन्ही आजार एकाच वेळी असतात. म्हणून टायसन लघवी करेल तेव्हा रंग बघून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

निघण्याआधी घरी बघता येतील अशा दोन-तीन गोष्टी आहेत, पण त्यांच्यासाठी निघणं लांबवू नका. नाक गरम की गार यावरून ताप कळत नाही. मेडिकलमधला साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, टोकाला थोडं खोबरेल लावा, शेपूट उचलून इंचभर आत धरा. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम असतं. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे त्याचं नेहमीचं तापमान. १०३.५ च्या वर गेलं तर ताप आहे असं समजा. मग वरचा ओठ उचलून हिरडी बघा. ती गुलाबी आणि ओलसर हवी. अंगठ्यानं दाबली की पांढरी होते, सोडली की दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. ग्रेट डेनच्या हिरड्या बऱ्याचदा काळ्या असतात, तशा असतील तर डोळ्याची खालची पापणी ओढून आतला रंग बघा.

आणि इथेच एक गोष्ट फार गांभीर्यानं विचारते: टायसनला रेबीजची लस कधी दिली होती? तुमच्या पत्रात तिचा उल्लेख नाही. जेवण बंद, घास बाहेर पडणं, लाळ, खाली लोंबलेला जबडा, गिळता न येणं ही रेबीजचीही लक्षणं असू शकतात. पिसाळलेलं कुत्रं अंगावर धावून येतंच असं नाही. एका प्रकारात ते मुकं होऊन कोपऱ्यात पडून राहतं, आणि घरच्यांना वाटतं घशात हाड अडकलंय, म्हणून ते तोंडात हात घालतात. लस वेळेवर दिलेली असेल तर ही शक्यता फार कमी. लस चुकली असेल, किंवा मधल्या काही महिन्यांत बाहेरच्या कुत्र्याशी त्याची झटापट झाली असेल, तर तोंडात हात घालू नका, भरवू नका, आणि डॉक्टरांना दारातच ही गोष्ट आधी सांगा. तुम्ही पाच दिवस हातानं भरवताय. तुमच्या बोटांना चीर, खरचटं असेल आणि लशीबद्दल खात्री नसेल, तर हात साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन सरकारी दवाखान्यात जाऊन स्वतःसाठी विचारणा करा. घाबरवण्यासाठी लिहीत नाही. लशीचं कार्ड कपाटातून काढलंत की या परिच्छेदाचा निकाल दोन मिनिटांत लागेल.

आता दाजींचं म्हणणं. भूक लागली की खाईल, हे निरोगी आणि लाडावलेल्या कुत्र्याच्या बाबतीत बरोबर आहे. असं कुत्रं आपल्या भांड्यातली भाकरी सोडतं, पण तुमच्या ताटातल्या मटणाकडे आशेनं बघतं. बिस्किटाचा पुडा वाजला की धावत येतं. त्याला खरंच दोन दिवस वेळेवर भांडं ठेवून वेळेवर उचललं की ते सुधारतं. टायसन तसा नाही, कारण तो आवडीचंही नाकारतोय. शिवाय तुकडा नाकाशी धरला की तो हुंगतो आणि मान फिरवतो. ज्याला अन्नाची इच्छाच उरलेली नाही ते कुत्रं हुंगतही नाही. जे हुंगून मान फिरवतं त्याला बहुतेक वेळा मळमळतं तरी, नाहीतर तोंडात दुखतं. मळमळत असेल तर ते सारखे ओठ चाटतं, आवंढे गिळतं, लाळ गाळतं, गवत खातं. तोंडात दुखत असेल तर घास एका बाजूनं चावतं, मध्येच टाकतं, तोंडाला घाण वास येतो. उसाचं चिपाड किंवा हाडाचा तुकडा टाळ्याला दाढांच्या मध्ये आडवा अडकलेला मी पाहिलेला आहे. यातलं काय दिसतं ते डॉक्टरांना सांगा, निम्मं निदान त्यातच असतं.

मोठं कुत्रं आहे, अंगात साठा आहे, चार दिवस निघतील, असंही वस्तीवर म्हणतात. त्यावर विसंबू नका. ग्रेट डेनच्या अंगावर चरबी थोडीच असते. उपाशी राहिला की त्याचं मांस झडतं, आणि मोठ्या हाडापेरामुळे ते झडलेलं पटकन दिसत नाही. पाठीच्या कण्यावरून आणि मांडीवरून हात फिरवा, डोळ्यांपेक्षा हाताला लवकर कळेल. माझा नियम साधा आहे: मोठ्या कुत्र्यानं पूर्ण एक दिवस अन्न नाकारलं तर लक्ष ठेवायचं, दोन दिवस झाले की दवाखाना. सोबत उलटी, ताप, रक्त किंवा सुस्ती असेल तर पहिल्याच दिवशी. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तर अर्ध्या दिवसातच. तुमचा पाचवा दिवस आहे.

तापाची गोळी अजिबात देऊ नका. आपल्या घरातलं पॅरासिटामॉल कुत्र्याच्या यकृताला आणि रक्तपेशींना इजा करू शकतं. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक तर त्याहून वाईट, त्यांनी पोटात व्रण होतात, रक्तस्राव होतो, किडनीला मार बसतो. प्लेटलेट आधीच कमी असलेल्या कुत्र्याला अशी गोळी देणं म्हणजे आतून रक्त वाहायला वाट करून देणं. दाजींनी काळजीपोटीच सुचवलं असेल, हे मला समजतं. पण पाच दिवसांत एखादी गोळी दिली गेली असेल तर ती लपवू नका. कोणती, किती, कधी हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

तसंच, म्हशींच्या अंगावर मारायचं गोचिडांचं औषध टायसनवर मारलंय का ते आठवा. बऱ्याच वस्त्यांवर तीच बाटली दोघांना वापरतात. प्रमाण चुकलं, किंवा ओल्या अंगाला त्यानं चाटलं, तर लाळ, थरथर, गुंगी येते आणि भूकही जाते. फवारणीचं औषध कालवलेल्या बॅरलमधलं किंवा ब्लोअरच्या टाकीतून सांडलेलं पाणी तो प्यायला असण्याचीही शक्यता बागायतदाराच्या घरी धरावीच लागते. बागेत शेवटची फवारणी कधी झाली आणि कशाची, त्या बाटलीवरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन जा.

बेदाण्याबद्दल थोडं थांबून लिहायला हवं, कारण हे पत्र तासगावहून आलंय आणि तासगावच्या घरात बेदाण्याचा डबा नाही असं होत नाही. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांच्या किडनीला घातक आहेत. त्यांतलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं, असं आता मानलं जातं. किती खाल्ल्यानं त्रास होईल हे सांगता येत नाही. एखादं कुत्रं ओंजळभर खाऊन ठीक राहतं, दुसऱ्याला थोड्यानंही किडनी निकामी होते. खाल्ल्यावर चोवीस तासांच्या आत उलट्या सुरू होतात, अन्न नको होतं, आणि एक ते तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. पंचावन्न किलोच्या टायसनला चमचाभर शिऱ्यातल्या चार बेदाण्यांनी काही झालं नसेलही. त्याची भूक तर शिऱ्याच्या आधीच गेलेली होती. पण रक्त तपासायला देताना बेदाण्याचं आवर्जून सांगा म्हणजे किडनीही तपासतील. इथून पुढे मात्र एकही बेदाणा नाही, आणि बेदाण्याची शेड सुरू असताना खाली सांडलेला माल तो खात नाही ना हेही बघायला हवं. कांदा-लसूण घातलेला रस्सा, तांबडा असो की पांढरा, तोही बंद. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याच्या लाल पेशी फोडतात, आणि सध्या त्याच्याकडे त्या वाया घालवायला नाहीत.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांनी दृष्ट काढली तरी टायसनचं काही बिघडत नाही, फक्त मिरच्यांचा धूर त्याच्या नाकापर्यंत जाऊ देऊ नका. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या की त्याच पावली गाडी काढा.

पंचावन्न किलोचं कुत्रं उठायला तयार नसलं की नेणं हाच मोठा प्रश्न होतो. कुणी पुढचे पाय ओढतं, कुणी पोटाखालून उचलतं, आणि मऊ स्वभावाचं कुत्रंही वेदनेनं चावतं. जाड सतरंजी किंवा गोधडी त्याच्या पाठीमागे पसरा, त्याला अलगद तिच्यावर सरकवा, चौघांनी चार टोकं धरून उचला. छोट्या टेम्पोत मागे नेत असाल तर खाली पोतं अंथरा म्हणजे पाय घसरणार नाहीत, साखळी आखूड बांधा म्हणजे तो उडी मारणार नाही, आणि जवळ त्याच्या ओळखीचं माणूस बसू द्या. उलटी होत असेल तर तोंड बांधू नका.

गोठ्यात रेतनाला किंवा इंजेक्शनला येणाऱ्या माणसाला बोलावून एक सुई मारून घेण्याचा मोह होईल. ते घराजवळ असतात, रात्री-अपरात्री येतात, जनावरांसाठी त्यांचा मोठा आधार असतो. पण टायसनला सुईच्या आधी रक्ताची तपासणी हवी. जिथे कुत्र्यांचं रक्त तपासतात, एक्स-रे आणि सोनोग्राफी होते अशा सांगली-मिरजेतल्या दवाखान्यात न्या. प्रकरण अवघड आहे असं तिथल्या डॉक्टरांना वाटलं तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचा रुग्णालय विभाग आहे. तिकडे जायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या. तुम्ही प्लेटलेटसह पूर्ण रक्त तपासणी, काचेवर रक्ताचा थेंब पसरून परजीवी बघणं, आणि किडनी-यकृताची तपासणी, एवढ्याबद्दल नक्की विचारा. घरून निघताना एका कागदावर तारखा लिहून घ्या: मुलगा कधी गेला, रक्त कधी आलं, शेवटचं नीट जेवण कधी, शेवटची शी कधी.

गोचीड ताप निघाला तर बहुतेक डॉक्सिसायक्लिन सुरू करतील. हे औषध साधारण चार आठवडे चालतं. दोन-तीन दिवसांत कुत्रं डोकं वर काढतं, जेवू लागतं, आणि नेमकं तिथेच बरीच घरं गोळ्या थांबवतात. आजार आत दबा धरून राहतो आणि काही महिन्यांनी परत येतो, तेव्हा कधीकधी हाडांतली रक्त तयार करण्याची ताकदच संपलेली असते. म्हणून ठरलेल्या दिवसापर्यंत एकही गोळी चुकवायची नाही. ही गोळी उपाशी पोटी दिली तर मळमळ वाढते आणि ती अन्ननलिकेत अडकून तिथे इजा करू शकते. त्यामुळे डॉक्टर आधी उलटी-मळमळीचं इंजेक्शन देतील, सलाईन लावतील, मग थोडं अन्न पोटात गेल्यावर गोळी. देताना वर थोडं पाणी पाजा.

सलाईनबद्दल एक गैरसमज काढून टाकते. बाटली चढवली म्हणजे जेवण झालं, असं नाही. पाच टक्के ग्लुकोजच्या ५०० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभर कॅलरीसुद्धा नाहीत. पंचावन्न किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायलाही दिवसाला साधारण १४०० कॅलरी लागतात. बाटलीनं पाणी भरून निघतं, आणि ते आत्ता फार गरजेचं आहे, पण पोट भरायचं काम बाकीच राहतं.

आता तुमच्या भरवण्याबद्दल. ताई, मांडीवर डोकं घेऊन तुम्ही जे करताय ते मायेनं करताय, तरी ते थांबवा. मळमळणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात घास कोंबला तर तो श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. दुसरं म्हणजे, मळमळताना जे अन्न पुढे आलं त्याच्याशी त्याच्या मनात तो त्रास जोडला जातो. आज चिकन, उद्या अंडं, परवा मटण असं सगळं पुढे करत गेलात तर बरा झाल्यावर तो नेमकं तेच सगळं नाकारेल. मळमळीचं औषध लागू पडेपर्यंत आवडीचा एकही पदार्थ पुढे करू नका.

मग अन्न द्या ते साधं. बिनहाडाचं चिकन पाण्यात उकडलेलं, मीठ-मसाला काही नाही, आणि मऊ भात. कोमट करून द्या, अंगाच्या गरमपणाइतकं. कुत्र्याची भूक नाकातून जागी होते आणि गार अन्नाला वास नसतो. चिकनचं पाणी भातावर घाला. पहिल्या दिवशी एकूण दीडशे ग्रॅम चिकन आणि तेवढाच शिजलेला भात पुरे, तोही चार-पाच वेळांत विभागून. दुसऱ्या दिवशी त्याच्या दुप्पट, तिसऱ्या दिवशी तिप्पट. पाच दिवसांच्या उपासानंतर एकदम भरलेली पाटी पुढे ठेवली तर आतडी ती पेलत नाहीत. दूध सध्या नको, जुलाब होतील. ताज्या गोड दह्याचे दोन चमचे चालतील. भांडं ठेवायचं, पाच पावलं मागे जाऊन आपलं काम करत राहायचं, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर उचलायचं आणि तीन-चार तासांनी पुन्हा कोमट करून ठेवायचं. पाणी मात्र कायम समोर हवं. दिवसाला अन्नातलं धरून अडीच ते तीन लिटर पाणी त्याच्या पोटात जायला हवं, म्हणून सकाळी मोजून भरा, संध्याकाळी उरलेलं मोजा. चिकन-भात हे आजारपणाचं जेवण आहे, त्यात कॅल्शियम आणि इतर बरंच काही पुरेसं नसतं. आठ-दहा दिवसांत डॉक्टरांना विचारून नेहमीच्या आहारावर आणा.

टायसन ग्रेट डेन आहे म्हणून आणखी एक सांगणं भाग आहे. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोटात हवा भरून जठराला पीळ पडतो, आणि ग्रेट डेन या धोक्यात सगळ्यांच्या पुढे आहे. पोट ढोलकं होतं, कुत्रं ओकारीसाठी जोर करतं पण बाहेर काही पडत नाही, फेसाळ लाळ गळते, ते बसत नाही की झोपत नाही. हे दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही. काही तासांत कुत्रं जातं, आणि उपाय एकच, ऑपरेशन. सोडा पाजणं, तेल पाजणं, पोट चोळणं यांत वेळ घालवू नका. बरा झाल्यावरही त्याला दिवसातून एकदा भरपेट घालायची सवय असेल तर ती मोडा. दोन-तीन वेळा थोडं थोडं, आणि जेवणानंतर तासभर तरी धावपळ नाही. उंच स्टँडवर भांडं ठेवावं असं पूर्वी सांगायचे. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत मोठ्या कुत्र्यांना त्यानं उलट धोका वाढल्याचं आढळलं, त्यामुळे भांडं जमिनीवरच ठेवा.

गोचिड्या हातानं वेचून संपत नाहीत. एक मादी हजारो अंडी घालते, आणि ती अंगावर नाही, भिंतीच्या फटीत, दगडांच्या सांध्यात, त्याच्या झोपायच्या पोत्याखाली घालते. म्हणून उपचार कुत्र्यावर आणि जागेवर, दोन्हीकडे हवा. कुत्र्यासाठी महिन्याची किंवा तीन महिन्यांची खायची गोळी मिळते, वजनाप्रमाणे डॉक्टर देतील. टायसनच्या वजनाला ती स्वस्त पडणार नाही, पण गोचीड तापाच्या एका आजारपणापेक्षा नक्की कमी. तो झोपतो ती खोली किंवा पडवी रिकामी करून फटी सिमेंटनं बुजवा, जुनी पोती जाळून टाका. काढलेल्या गोचिड्या नखानं चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

आता मुलाचं. ताई, त्याला आजच सांगा. परीक्षेची काळजी मला कळते, पण चार वर्षं त्यानं सांभाळलेल्या जिवाबद्दल त्याला उद्या दुसऱ्या कुणाकडून कळलं तर त्याचा तुमच्यावरचा विश्वास दुखावेल, आणि पुढची प्रत्येक परीक्षा तो "घरी सगळं ठीक आहे ना" या शंकेतच देईल. सांगताना रडून सांगू नका. टायसन आजारी आहे, दवाखान्यात नेतोय, रक्त तपासायला दिलंय, संध्याकाळी कळवते, असं सांगा. बोलावून घ्यायची घाई नको. तो आला म्हणून ताप उतरणार नाही, आणि तो आल्याच्या आनंदात टायसननं दोन घास खाल्ले तर तुम्ही सगळे निर्धास्त व्हाल, औषध लांबेल. त्याच्याकडून उपयोगाचं एकच मागा: टायसनला तो कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कशा हाकेनं जेवायला घालायचा ते त्यानं फोनवर नीट सांगावं. ते तसंच्या तसं तुम्ही किंवा दाजींनी, कुणा एकानं, रोज करायचं. व्हिडिओ कॉल चालू असताना फोन टायसनपुढे धरू नका. त्याला आवाज येतो आणि माणूस सापडत नाही. फाटकापर्यंतची ती फेरी आजारी अंगाला झेपत नाही. मुलाचा न धुतलेला एखादा शर्ट घरात असेल तर तो त्याच्या अंथरुणात ठेवा, वासाचा आधार त्याला पुरतो. टायसन जेवू लागला, औषध सुरळीत सुरू झालं की परीक्षा संपल्यावर मुलानं दोन दिवस यावं, आणि जाताना चोरून न जाता त्याला थोपटून जावं.

भूक परत आल्यावरही फाटकाशी बसणं काही दिवस राहील. ते राहू द्या. दाजी संध्याकाळी बागेत फेरी मारतात तेव्हा त्याला बरोबर घेऊन जाऊ देत, आधी थोडं अंतर, प्लेटलेट वाढल्यावर जास्त. तोपर्यंत उड्या, झटापट, पट्ट्याला हिसके नकोत. अशा वेळी साधा मुका मारही आतून रक्त साकळवतो.

रिपोर्ट मिळाला की प्लेटलेट, हिमोग्लोबिन आणि किडनीचं काम सांगणारं क्रिएटिनिन हे तीन आकडे मला पाठवा, कागदाचा फोटो पाठवलात तरी चालेल. औषध सुरू झाल्यापासून चार दिवसांत तो स्वतःहून भांड्याकडे आला नाही, तर तेही कळवा आणि डॉक्टरांना सोनोग्राफीबद्दल विचारा.